अण्णांची दारातली सेवा

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, अण्णांच्या माघारी ही पहिलीच वारी. त्यांच्या नावाचा मोठा फ्लेक्स लावावा असं भावकीत चाललंय, असं तुम्ही फोनवर म्हणालात. माझं मत विचाराल तर लावू नये. सगळं गाव भांड्यांवर स्वतःचं नाव घालून घेतं, अण्णांनी पातेल्यांवर 'माउली' घालून घेतलं होतं. त्या माणसाला फ्लेक्सवर कुठं बसवायचं? त्यापेक्षा दारातली वारकऱ्यांची सेवा त्यांच्या मापानं व्हावी. म्हणून त्यांची मापं आठवतील तशी लिहून काढतोय.

सर्वांत आधी तिथी. माउलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते, पुण्यात दोन मुक्काम करते आणि दिवेघाट चढून झेंडेवाडीवरून आपल्या सासवडकडं येते, तेव्हा बहुतेक वेळा एकादशी असते. वाटेवरचा सगळ्यांत लांबचा टप्पा आणि त्यातच उपास. नवी मंडळी हौसेनं पोहे नाहीतर वडापाव करतात. मग माळकरी हात जोडून पुढं जातात आणि पातेली तशीच राहतात. अण्णा दरवर्षी पंचांग काढून बघायचे, तुम्हीही बघा. द्वादशीला पालखी सासवडलाच असते. त्या दिवशी पारण्याला वरणभात चालतो. शंभर पानांना 9 किलो तांदूळ आणि 4 किलो तूरडाळ पुरते.

एकादशीला खिचडी करायची झाली तर शंभर जणांना 6 किलो साबुदाणा, अडीच ते तीन किलो दाण्याचं कूट, 3 किलो बटाटे. हळद, हिंग, मोहरी काही नाही. मोठ्या मापात खिचडी गिच्च होते ती भिजवण्यात. एकाच पातेल्यात 6 किलो भिजवला की खालचा साबुदाणा वरच्या वजनानं दबतो आणि गोळा होतो. तो तीन पातेल्यांत वाटायचा, पांढरं पाणी जाईपर्यंत धुवायचा, पाणी वर जेमतेम अर्धं बोट ठेवायचं आणि चार-पाच तासांनी परातीत मोकळा करायचा. परतायचाही दोन-दोन किलोच. पण आई, तुझे गुडघे बघता यंदा चूल मांडू नकोस. दोनशे माणसांना दोन-दोन केळी म्हणजे 34 डझन, सोबत राजगिऱ्याचे लाडू. उपासाला चालतं आणि चालता चालता खाता येतं. आल्याचा चहा मात्र असू दे.

पाण्याला अण्णांनी कधी सूट दिली नाही. हजार लिटरच्या टाकीला सपाट एक छोटा चमचा, म्हणजे 4-5 ग्रॅम ब्लीचिंग पावडर. ती आधी बादलीभर पाण्यात कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरचं निवळ तेवढं टाकीत ओतायचं. मग अण्णा हरिपाठाला बसायचे. 27 अभंग होईपर्यंत नळ उघडायचा नाही, कारण क्लोरीनला काम करायला निदान अर्धा तास लागतो. टँकरचं पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी फिरवून निवळू द्या, गढूळ पाण्यात पावडर वाया जाते. गेल्या साली उघडी राहिलेली पावडर वापरू नका, तिचा जोर गेलेला असतो. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाला बोलावून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन आहे का ते बघायची चाचणी, करून घ्या. पाणी पिवळसर दिसलं म्हणजे झालं.

आता पाय. कोमट पाण्यात पाय धुवायचे, पण पाणी आधी आपल्या कोपरानं बघायचं. साखरेचा आजार असलेल्या माणसाच्या पायाला चटका कळत नाही आणि फोड नंतर दिसतो. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या असतील तर तेल लावायचं नाही. कोरडं पुसून पायाला लावायची पावडर टाकायची. बाकीच्यांना कोमट तेल, आणि शेवटी जुन्या धोतराच्या फडक्यानं तळवे पुसून घ्यायचे, नाहीतर ओल्या डांबरावर पाय घसरतो. फोड फोडायचा नाही. सुईदोरा घेऊन बसणारे भेटतील, त्यांना समजावून सांगा. फुटलाच असेल तर वरची कातडी ओढू नका. धुवून मलमपट्टी करा. कुणाला गरगरलं तर लिटरभर पिण्याच्या पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ, घोट घोट. शुद्ध हरपत असेल तर पाजायचं नाही, रुग्णवाहिका बोलवायची.

आणि वेळ. मला वाटतं अण्णांची खरी भक्ती इथं दिसायची. दिंडीत भिशी, म्हणजे खर्चाची वर्गणी, भरलेल्यांचं जेवण, तंबू, ट्रक सगळं ठरलेलं असतं. उपाशी राहतो तो मोकळा समाज: एकटी म्हातारी, पिशवी डोक्यावर घेतलेलं जोडपं, मागं पडलेला लंगडता माणूस. रथ आणि त्यामागच्या दिंड्या गेल्या की रस्त्याकडेचे मांडव आवरतात. अण्णा निम्मी केळी आणि एक हंडा चहा तेव्हापर्यंत राखून ठेवायचे आणि कंदील घेऊन फाटकापाशी बसायचे. गाव, नाव, जात त्यांनी कुणाला विचारली नाही. समोरचा पाया पडायच्या आत हे वाकलेले असायचे. यंदा तेवढं राखून ठेवाच. दुपारी गर्दीत कमी पडलं तरी चालेल, दुपारी देणारे पुष्कळ असतात.

बाबा, तुम्ही उन्हात उभं राहू नका, पाण्याच्या टाकीपाशी खुर्ची टाकून बसा. हरिपाठ तुम्हीच म्हणा. मी दशमीला रात्री पोचतो, येताना मलमपट्टीचं सामान आणि ब्लीचिंग पावडरचा नवा डबा आणतो. केळीवाल्याला आठ दिवस आधी सांगा. ऐन वेळी पुण्याकडून पिकलेली केळी मिळत नाहीत. कंदिलाची काच तडकली आहे, ती तेवढी आई, बदलून घे.

तुमचा,
बाळू