नावाआधी दिसते ते

चि. सोनूस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की दृक्प्रत्ययवादी (इम्प्रेशनिस्ट) चित्रे तुला अर्धवट सोडल्यासारखी वाटतात. हा आक्षेप जुना आहे. एप्रिल १८७४ मध्ये मोने, रन्वार, बर्थ मोरिझो या चित्रकारांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘सालों’ हे सरकारमान्य प्रदर्शन वगळून पॅरिसमध्ये, छायाचित्रकार नादार याच्या जुन्या स्टुडिओत, आपले प्रदर्शन भरवले, तेव्हा लुई लरुआ या टीकाकारानेही मोनेच्या चित्राला असेच हिणवले होते आणि त्या चित्राच्या नावातला ‘इम्प्रेशन’ हा शब्द उचलून सगळ्यांचीच टर उडवली होती. पुढे तेच नाव त्यांना चिकटले.

ते चित्र, फ्रान्समधल्या ल हाव्र बंदरातली धुकट पहाट, तू पुन्हा उघड. त्यातला नारिंगी सूर्य किती प्रखर वाटतो ते आधी डोळे भरून पाहा आणि मग फोनवर ते चित्र कृष्णधवल कर. सूर्य जवळजवळ नाहीसा होतो, कारण मोनेने तो भोवतालच्या आकाशाइतकाच उजळ ठेवला आहे. फरक आहे तो केवळ रंगाचा. उजेड आणि रंग यांची दखल मेंदू बऱ्याच अंशी वेगवेगळ्या वाटांनी घेतो, म्हणून तो सूर्य जागच्या जागी थरथरल्यासारखा भासतो. सूर्य आकाशाहून उजळ असतो हे आपल्याला आधीपासून ठाऊक असते आणि दुसरा एखादा चित्रकार त्या ठाऊक असण्यावर विसंबून पांढरा रंग वापरून मोकळा झाला असता. एवढ्या नेमक्या हाताला अर्धवट म्हणायला माझे मन धजत नाही.

साहित्यात हीच दृष्टी, ठाऊक असण्याआधी जे दिसते तेच टिपणारी, मला जोसेफ कॉनरॅडच्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’ या कादंबरीत भेटली. आफ्रिकेतल्या नदीवरून बोट चालली असताना गोष्ट सांगणाऱ्या मार्लोला आजूबाजूला बारीक काटक्या उडताना दिसतात, नाकासमोरून जातात, पायाशी पडतात. ते बाण आहेत आणि आपल्यावर हल्ला झाला आहे, हे त्याला काही ओळींनंतर उमगते. लेखकाने ‘बाण’ हा शब्द आधीच लिहिला असता, तर आपल्याला हल्ल्याची बातमी मिळाली असती, पण मार्लोचे ते गोंधळलेले क्षण आपल्या वाट्याला आले नसते.

तू दिवाळीला येशील तेव्हा ते पान मी खूण घालून ठेवीन. आपण दोघे मिळून ते मोठ्याने वाचू.

तुझा,
बाबा