इथली सुगी वेगळी

आइची, जपान
१६ मार्च

ती. आप्पा आणि ती. आई यांस सा. नमस्कार.

आपल्याकडे सुगी म्हणजे खळ्यावर ज्वारीची रास. इथे सुगी हे एका झाडाचं नाव आहे आणि त्याचा हंगाम आला की निम्मं गाव शिंकत असतं. सरळसोट, उंच झाड. महायुद्धाच्या काळात डोंगर बोडके झाले, म्हणून १९५०-६०च्या दशकांत लाकडासाठी डोंगरच्या डोंगर या झाडाने भरून टाकले. पुढे परदेशी लाकूड स्वस्त पडू लागलं, तोडायला फारसं कुणी फिरकेना. झाडं तीसेक वर्षांची झाली आणि दर फेब्रुवारीत पिवळा धुरळा सोडू लागली. टीव्हीवर पावसाच्या अंदाजाबरोबर परागांचाही अंदाज सांगतात. तुमच्या सुनेला पहिली तीन वर्षं काही झालं नाही, चौथ्या वर्षी डोळे लाल. आता मे उजाडेपर्यंत आमचे कपडे घरातच वाळतात. आई, तू म्हणशील वेखंड लाव. लावून झालं.

तिचं शिंकण्यावर भागतं. नातीचं तसं नाही, म्हणून हे नीट वाच. दिवाळीच्या पार्सलमधली तुझी शेंगदाण्याची चटणी तिने बोटभर चाटली आणि दहा मिनिटांत ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. फोनवर मी ‘थोडं पोट बिघडलं’ एवढंच बोललो होतो, ते खोटं होतं. ती आता बरी आहे. पण सोलापूरकडच्या पोरीला शेंगदाणा चालू नये, याला काय म्हणावं! खिचडीत कूट नाही, भरल्या वांग्यात नाही. इथे पाकिटावर अंडं, दूध, गहू, शेंगदाणा वगैरे जिन्नस लिहिणं कायद्याने सक्तीचं आहे. अक्रोडही त्यात अलीकडे वाढवला. बालवाडीत तिचा ट्रे वेगळ्या रंगाचा असतो, त्यावर नावाची पट्टी. दर महिन्याला पुढच्या महिन्याचा जेवणाचा तक्ता येतो आणि तुमची सून लाल पेन घेऊन बसते.

आता कामाचं. आप्पा, आमची लाईन गाडीच्या सीट जोडायची. डोक्यावर एक दोरी असते. काही अडलं, बोल्ट बसेना, शिलाई वाकडी दिसली, की ती ओढायची. वरच्या पाटीवर आपला नंबर पिवळा पेटतो, गाणं वाजतं. त्या पाटीला आंदोन म्हणतात. हा मूळचा कागदी कंदील. गाणं वाजलं की आमचे हानचो, म्हणजे टोळीचे प्रमुख, धावत येतात. सीट जमिनीवरच्या खुणेपर्यंत पोचायच्या आत निस्तरलं तर ते पुन्हा दोरी ओढतात आणि लाईन चालू राहते. नाही निस्तरलं तर थांबते. कुणी रजेवर असला तर त्याच्या जागी तेच उभे राहतात. वयाने साठीला टेकलेले. महिन्याचा आकडा गाठला की भिंतीवर फोटो लागतो साहेबांचा.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला त्यांची वही दाखवली. पाच माणसं, पाच पानं. कुणाचा डावा गुडघा दुखतो, कुणाची आई दवाखान्यात आहे, कुणाला सुगीचा त्रास. दोन वर्षं मला वाटायचं की मार्चमध्ये हे उगाच आमच्या जागा बदलतात. तर ज्यांना शिंका येतात त्यांना ते शटरपासून लांब, आतल्या बाजूला देत होते. एका शब्दाने बोलले नाहीत. मला शटरजवळची जागा मिळायची आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या द्यायचो.

वही दाखवली, कारण ते निवृत्त होताहेत आणि त्यांनी माझं नाव सुचवलंय. दुसरीकडे फिक्श्चर, म्हणजे जोडताना भाग पकडून ठेवणारे साचे, त्यांच्या डिझाईनच्या ऑफिसातही जागा आहे. तिथे खुर्ची, संगणक आणि शांतता. पगारात फरक नगण्य. माझा डिप्लोमा डिझाईनकडे ओढतो, आणि पुढे चाकणला परतायचं झालं तर तेच जास्त उपयोगी पडेल, हेही कळतं. सुनेचं म्हणणं, ‘घरात एक टोळीप्रमुख आहे तेवढा पुरे.’ तिच्या लाल पेनाकडे बघता मला काही बोलता आलं नाही.

तरी मी हानचो व्हायला हो म्हणणार आहे. १ एप्रिलला इथलं नवीन आर्थिक वर्ष सुरू होतं, त्याआधी सांगायचंय. कारण नीट मांडता येत नाही. गाळपाच्या हंगामात रात्री दारावर थाप पडायची, ‘मिल अडली, हेड फिटरना बोलावलंय’, आणि तुम्ही अंधारातच सदरा चढवायचात. माझी झोप मोडायची म्हणून मला त्या थापेचा राग होता. दोरी ओढल्यावर वाजणारं गाणं ऐकलं की हल्ली ती थाप आठवते.

एक विचारायचं होतं. तुम्हाला सुपरवायझर करणार होते ना? आई म्हणते तुम्ही नाकारलंत, तुम्ही म्हणता कुणी विचारलंच नाही. फोनवर तुम्ही विषय बदलता, म्हणून लिहून कळवा.

तुमचा,
बाळू

ता. क. आई, पार्सलमध्ये जवसाची चटणी चालेल, डॉक्टरांना विचारलंय. पण शेंगदाण्याचं मिक्सरचं भांडं वापरू नकोस. नवीन भांडं घे, पैसे पाठवतो. आणि शेंगातेल नको, सूर्यफुलाचं.