‘काकू, मागं या!’ म्हणणाऱ्या लेकीला

प्रिय लेकी,

तुझं नाव विचारायचं राहूनच गेलं. घरी आल्यावर मुलीने पहिला प्रश्न तोच केला आणि मी गप्प झाले. म्हणून हे पत्र असं सगळ्यांदेखत लिहिते आहे. अ‍ॅमस्टरडॅमकडच्या मराठी मंडळींपैकी कुणाच्या वाचनात आलं, तर तुझ्यापर्यंत पोचवा. खूण सांगते: पुढे लाकडी पेटी असलेली सायकल, आणि पेटीत पिवळ्या रेनकोटमधलं तीनेक वर्षांचं बाळ.

मी म्हणजे वेस्टरकेर्क चर्चसमोर मान वर करून उभी असलेली, सुती साडीवर मुलीचं जाड जाकीट चढवलेली बाई. मनोऱ्यावरचा निळा मुकुट बघता बघता लाल पट्ट्यावर कधी पाय पडला, कळलंच नाही. तो पट्टा सायकलींचा असतो हे मला कुठे ठाऊक! घंटी वाजली, पाठोपाठ दुसरी, आणि ‘काकू, मागं या!’ असं मराठीत कानावर आलं तोवर कुणीतरी दंडाला धरून मला ओढलंही होतं. दोन सायकली सर्रकन गेल्या.

सकाळी मुलगी मला लाइडसेप्लाइन चौकात सोडून ऑफिसला गेली होती. दोन तास चालत होते आणि सगळे कालवे सारखेच दिसत होते. तेच पाणी, तीच झाडं, तेच कमानीचे पूल. रडू यायच्या बेतात होते, ते तुझ्या लक्षात आलं असणार. कारण तुला एक गोष्ट सांगितली नाही, ती आता सांगते. लग्नानंतर बत्तीस वर्षं कुठेही गेलो तरी हे पुढे आणि मी मागे. पत्ता ह्यांच्या खिशात. हे गेल्यापासून सांगलीतसुद्धा गणपती पेठेच्या पलीकडे मी एकटी चालत गेले नव्हते.

तू ट्रामच्या थांब्यावर सोडलं असतंस तरी उपकारच झाले असते. पण तू सायकल हातात धरून माझ्याबरोबर तासभर चाललीस आणि मला हे शहर वाचायला शिकवलंस. ‘काकू, मधल्या गावापासून बाहेर जाताना एबीसीडी म्हणायची. एच, के, पी. ग्राख्ट म्हणजे कालवा. आधी हेरेनग्राख्ट, मग कायझर्सग्राख्ट, मग प्रिन्सेनग्राख्ट. विषम नंबर गावाच्या बाजूला, सम नंबर पलीकडच्या काठाला. आणि आकडे ब्राउवर्सग्राख्टपासून चढत जातात.’ एवढंच. खोदाईला १६१३ मध्ये सुरुवात झालेले कालवे, पण त्यांची किल्ली तू दोन मिनिटांत माझ्या हातात दिलीस. त्या ‘ग्राख्ट’मधला ग घशातून ख सारखा काढायचा, हेही तूच माझ्याकडून घोकून घेतलंस.

मग म्हणालीस, वर बघा. प्रत्येक घराच्या कपाळावर एक तुळई आणि तिला लोखंडी आकडा. आतले जिने इतके अरुंद आणि उभे की कपाट काही वर जायचं नाही, म्हणून दोर लावून खिडकीतून सामान चढवायचं. भिंती पुढे झुकवून बांधल्यात त्या ओझं भिंतीवर आपटू नये म्हणून. काही घरं मात्र शेजारणीच्या खांद्यावर कलल्यासारखी आडवी झुकलेली, ती खालचे लाकडी खांब खचल्यामुळे. डॅम चौकातला राजवाडा अशा १३,६५९ खांबांवर उभा आहे म्हणालीस आणि पाण्याखाली हवा लागत नाही म्हणून ते कुजत नाहीत. मला एकदम माझ्या आजोबांची विहीर आठवली. तिच्या तळाला जांभळाचं लाकूड होतं. पाण्यात राहिलं तर पिढ्या टिकतं, असं ते म्हणायचे.

प्रिन्सेनग्राख्ट २६३ समोर तू काहीच बोलली नाहीस. जुलै १९४२ ते ऑगस्ट १९४४, डायरी लिहिणाऱ्या अ‍ॅन फ्रँक या ज्यू मुलीसह आठ माणसं नाझींपासून त्या घराच्या मागच्या भागात लपून होती. तेवढ्यात चर्चची घंटा झाली. ‘ही घंटा त्यांना आत ऐकू यायची,’ तू हळूच म्हणालीस. बाळही शांत बसून होतं. मी पर्समधला राजगिऱ्याचा लाडू काढून त्याच्या हातात दिला. त्याने आधी तुझ्याकडे बघितलं, मग लाडवाकडे, आणि नंतर त्याचा सगळा रेनकोट राजगिऱ्याने भरला.

निघताना तू मला एक काम दिलंस. रेगुलियर्सग्राख्टच्या तोंडाशी उभं राहून एका ओळीत पूल किती दिसतात ते मोजायचं, आणि तिथवर एकटीनं जायचं. मी गेले, लेकी. प्रिन्सेनग्राख्टचे चढते आकडे बघत गेले, एकदा गल्ली चुकले, पी वरून के, के वरून एच करत हेरेनग्राख्टला लागले. प्रत्येक वेळी लाल पट्टा आला की थांबले, दोन्हीकडे बघितलं, मगच पाऊल टाकलं. कमानीतून कमान, कमानीतून कमान. सात भरले. परत मोजले, सातच.

साडेपाचला मुलीचा फोन आला. घाबरलेली. ‘आई, कुठे आहेस? हलू नकोस, मी शोधत येते.’

मी म्हटलं, ‘शोधायचं काय त्यात? हेरेनग्राख्टवर ये, रेगुलियर्सग्राख्टच्या कोपऱ्याशी. मी पुलावर आहे.’

तुझी,
सांगलीची काकू

ता. क. बाळासाठी राजगिऱ्याचे लाडू बाजूला काढून ठेवलेत. मी पुढच्या महिनाअखेरपर्यंत अ‍ॅम्स्टेलवेनला मुलीकडेच आहे.