ऑप्शनचे जुने भाव फुकट मिळतात, पण वाचायचे कसे?

महोदय,

शेअरच्या ऑप्शनमधून (शेअर ठरलेल्या भावाला घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणाऱ्या करारांतून) दरमहा ठरावीक कमाई करून देणाऱ्या ‘पद्धती’ शिकवणाऱ्यांच्या जाहिराती सध्या सर्वत्र दिसतात. प्रत्येकीत मागच्या काही वर्षांच्या नफ्याचा चढता आलेख असतो. तो काढायला वापरलेले जुने भाव कुठले आणि ते कसे तपासले, हे त्यात कुठेच नसतं. बाजार नियामक सेबीच्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शनमध्ये उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. अशा वेळी पैसे गुंतवण्याआधी स्वतः पडताळणी करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून हे पत्र.

पहिली गोष्ट, दिवसअखेरचे भाव कुणाकडूनही विकत घेऊ नका. राष्ट्रीय शेअर बाजारात (एनएसई) शेअरवरचे ऑप्शन २ जुलै २००१ रोजी सुरू झाले. एनएसई रोज संध्याकाळी वायदे-ऑप्शन विभागाची भावकॉपी (दिवसअखेरच्या भावांची फाइल) विनामूल्य देते. त्या झिप फाइलमध्ये प्रत्येक शेअरच्या, प्रत्येक मुदतीच्या, प्रत्येक स्ट्राइकच्या (करारात ठरलेल्या भावाच्या) कॉलची (खरेदीचा हक्क) आणि पुटची (विक्रीचा हक्क) वेगळी ओळ असते. एखाद्याच काँट्रॅक्टचा इतिहास हवा असेल, तर संकेतस्थळाच्या ऐतिहासिक अहवालांत शेअर, एक्स्पायरी (मुदत संपण्याची तारीख), कॉल की पुट आणि स्ट्राइक निवडून तो थेट उतरवता येतो. सगळे स्ट्राइक हवे असतील तर मात्र तारखेनुसार एकेक भावकॉपी गोळा करण्याला पर्याय नाही. मिनिटामिनिटाचे भाव हवे असतील तर पैसे मोजावे लागतात. बाजाराचीच एनएसई डेटा अँड ॲनालिटिक्स ही कंपनी ते विकते. ब्रोकरच्या एपीआयवर (संगणकाने भाव थेट उतरवून घेण्याच्या सोयीवर) विसंबण्याआधी एवढं विचारून घ्या, की मुदत संपलेल्या काँट्रॅक्टचे भाव मिळतात का. बऱ्याच ठिकाणी एक्स्पायरीनंतर ते दिसेनासे होतात आणि तोच टोकन क्रमांक (काँट्रॅक्टचा ओळख क्रमांक) पुढे दुसऱ्याच काँट्रॅक्टला दिला जातो. तेव्हा रोज संध्याकाळी स्वतःच साठवून ठेवणं उत्तम.

भावकॉपीचा साचा ८ जुलै २०२४ पासून बदलला. जुन्या फाइलमध्ये शेअरच्या ऑप्शनची खूण ‘ओपीटीएसटीके’ होती, नव्या फाइलमध्ये ‘एसटीओ’ आहे. रकान्यांची नावं आणि तारीख लिहिण्याची पद्धतही बदलली. दोन्ही काळ जोडताना आधी एकच साचा ठरवून घ्यावा. आणखी मागे गेलात तर कॉल-पुटच्या ‘सीई’, ‘पीई’ या खुणांऐवजी ‘सीए’, ‘पीए’ दिसेल. २०११ च्या आधी शेअरचे ऑप्शन अमेरिकन पद्धतीचे होते, म्हणजे मुदतीआधी कधीही वापरता येत. त्यांचं गणित वेगळं असतं. आजच्या युरोपियन (मुदत संपतानाच वापरता येणाऱ्या) ऑप्शनच्या सूत्रात ते भाव घालू नयेत.

आता खरी मेख. भावकॉपीत ज्या स्ट्राइकमध्ये दिवसभरात एकही सौदा झाला नाही त्याचीही ओळ असते. उघडणारा, उच्चांकी आणि नीचांकी भाव शून्य, पण ‘बंद भाव’ भरलेला! तो कुणी दिलेला किंवा घेतलेला भाव नाही, बाजाराने आधीच्या दिवसावरून पुढे आणलेला किंवा हिशेबाने काढलेला आकडा आहे. सौद्यांचा रकाना न पाहता असा बंद भाव उचलला की आलेखात न झालेली खरेदी-विक्री घुसते. सौदे शून्य असलेल्या सर्व ओळी आधी बाजूला काढाव्यात.

सौदे झालेल्या ओळीही डोळे झाकून घेता येत नाहीत. उदाहरण घ्या. एका शेअरचा भाव सकाळी सव्वाअकराला १,०२० रुपये आहे आणि १,१०० च्या कॉलचा त्या वेळी १८ रुपयांना सौदा झाला. त्यानंतर त्या स्ट्राइकमध्ये कुणी फिरकलंच नाही. दुपारी शेअर १,००० वर बंद झाला. भावकॉपीत त्या कॉलचा शेवटचा सौदा १८ रुपयेच दिसणार. शेअर वीस रुपयांनी उतरल्यावर तोच कॉल १२-१३ रुपयांच्या आसपास असायला हवा. बॅकटेस्टमध्ये (पद्धत जुन्या भावांवर चालवून पाहताना) तो १८ ला विकला आणि दुसऱ्या दिवशी १२ ला परत घेतला, की ५०० शेअरच्या लॉटमागे (म्हणजे एका काँट्रॅक्टमागे) ३,००० रुपये कागदोपत्री जमा होतात. असे पैसे प्रत्यक्षात कुणाला मिळालेले नसतात. शिवाय रोखीच्या बाजारातला बंद भाव हा शेवटच्या अर्ध्या तासाची भारित सरासरी म्हणून काढत आले आहेत, म्हणजे तुलनेचा आकडाही शेवटच्या क्षणाचा नाही. दलालांच्या पाटीवरचा खरेदी आणि विक्रीचा भाव तर भावकॉपीत नसतोच. बाजारभावापासून लांबच्या स्ट्राइकमध्ये त्या दोहोंतलं अंतरच कित्येकदा सगळा नफा खाऊन टाकतं.

यावर एक सोपी कसोटी आहे. एकाच स्ट्राइकच्या कॉलमधून पुटचा भाव वजा करा. उत्तर त्याच महिन्याच्या फ्यूचरच्या (वायद्याच्या) भावातून स्ट्राइक वजा केल्यावर येणाऱ्या आकड्याच्या जवळपास हवं. फ्यूचर १,००६ आणि स्ट्राइक १,००० असेल तर फरक सहाच्या आसपास. फाइलमधून पंधरा आला, तर दोहोंपैकी एक भाव शिळा आहे असं समजावं आणि ती जोडी वगळावी.

बोनस आणि शेअर विभाजनाच्या वेळी तर मोठाच गोंधळ होतो. रिलायन्सचा एकास एक बोनस (प्रत्येक शेअरमागे एक शेअर फुकट) २८ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. लॉट २५० चा ५०० झाला, सगळे स्ट्राइक निम्मे झाले. शुक्रवारी २५ तारखेला २,७०० चा असलेला कॉल सोमवारी १,३५० चा म्हणून दिसू लागला. संगणकाच्या लेखी पहिला काँट्रॅक्ट गायब आणि दुसरा नव्याने जन्मलेला. साखळी जोडायची तर स्ट्राइकला आणि प्रीमियमला (ऑप्शनच्या भावाला) दोनने भागा, लॉटला दोनने गुणा. मोठ्या विशेष लाभांशानंतर लाभांशाइतकी रक्कम स्ट्राइकमधून वजा होते, म्हणून काही जुने स्ट्राइक पूर्ण रुपयांऐवजी रुपये-पैशांत दिसतात. ती छपाईची चूक नव्हे.

एक्स्पायरीची तारीख कधीही स्वतः मोजू नका, फाइलमधूनच घ्या. पूर्वी महिन्याचा शेवटचा गुरुवार असे, सप्टेंबर २०२५ पासून एनएसईवर शेवटचा मंगळवार आहे. जून २०२३ मध्ये महाराष्ट्रात बकरी ईदची सुट्टी २८ वरून २९ तारखेला गेली आणि एक्स्पायरी २९ वरून २८ ला आली. तोच काँट्रॅक्ट दोन तारखांनी नोंदलेला सापडतो. शनिवार-रविवार सरसकट गाळणंही चूक आहे. १ फेब्रुवारी २०२५ शनिवार होता, पण अर्थसंकल्पामुळे बाजार चालू होता.

कंपन्यांची नावं बदलली की फाइलमधलं चिन्हही (सिम्बॉल) बदलतं. गोव्यातली सेसा गोवा पुढे सेसा स्टरलाइट झाली आणि मग वेदांता. जुन्या भावांत ‘वेदांता’ शोधलं तर इतिहास अर्ध्यातच तुटतो. शिवाय आज ऑप्शन असलेल्या शेअरांचीच यादी घेऊन मागे जाऊ नका. वगळले गेलेले आणि बुडालेले शेअर त्यातून आपोआप गळतात आणि निकाल उगाच गोंडस दिसतो.

एक बदल आकड्यांत दिसत नाही, तरी लक्षात ठेवावा लागतो. ऑक्टोबर २०१९ च्या एक्स्पायरीपासून सगळ्या शेअरच्या काँट्रॅक्टमध्ये प्रत्यक्ष शेअर द्यावे-घ्यावे लागतात. तेव्हापासून एक्स्पायरीच्या शेवटच्या आठवड्यात मार्जिन (सौद्यासाठी ठेवायची अनामत) वाढतं आणि पैशात असलेल्या (त्या क्षणी वापरला तर फायदा देणाऱ्या) ऑप्शनला गिऱ्हाईक कमी मिळतं. ऑक्टोबर २०१९ पूर्वीच्या अशा शेवटच्या आठवड्यांचे निकाल आजच्या काळाला लावू नयेत.

एनएसईकडे आणि सेबीकडे मागणी एवढीच. बोनस-विभाजनानंतरचे जुने-नवे स्ट्राइक, लॉटच्या आकारातले बदल, चिन्हांतले बदल आणि सरकवलेल्या एक्स्पायरी ही सगळी माहिती आज शेकडो वेगवेगळ्या परिपत्रकांत विखुरलेली आहे. ती २००१ पासून एकाच तक्त्यात, भावकॉपीशेजारी, विनामूल्य द्यावी. माहिती बाजाराकडे आहेच, ती फक्त एकत्र करायची आहे. आणि जुन्या भावांवरचा नफ्याचा आलेख जाहिरातीत छापणाऱ्याला, शून्य सौद्यांच्या ओळी वगळल्या आहेत का आणि किमान किती सौद्यांची अट लावली आहे, हे त्याच आलेखाखाली लिहिणं सक्तीचं करावं.

आपला,
ऑप्शन बाजाराच्या आकडेवारीचा एक अभ्यासक, ठाणे