मेघालयातल्या बायकांना लग्नाचा कागद हवाच

संपादक साहेब,
मेघालयात खासी, जैंतिया, गारो या आदिवासी समाजांत कूळ आईकडून चालतं म्हणून तिथल्या बायकांना कसलीच काळजी नाही असं आपल्याकडे लोक सर्रास बोलतात, ते ऐकून खरंच वाईट वाटतं. खासींमधे वडिलोपार्जित घर धाकट्या मुलीकडे, म्हणजे खातदुहकडे जातं हे बरोबर, पण ती नुसती सांभाळणारी, मोठे निर्णय बहुतेक वेळा मामाच घेतो आणि गावच्या दरबारात, म्हणजे गावसभेत, पिढ्यानपिढ्या पुरुषच बसत आलेत.

आता नवरा सोडून गेला तर? मुलं आईच्याच कुळाची, त्यामुळे तो सरळ हात झटकतो. पोटगीसाठी कोर्टात जाता येतं हो, पण केस टाकली की तो म्हणणार आमचं लग्नच झालं नव्हतं, आणि रीतीप्रमाणे एकत्र राहायला लागलेल्या बाईकडे दाखवायला कागद कुठला? हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना सहसा लागूच होत नाही. २००६ मधे सुप्रीम कोर्टाने लग्ननोंदणी सक्तीची करा म्हणून सांगितलं, मेघालयाने २०१२ मधे कायदा पण केला. मग आता नोंदणी गावातच, खासी-गारो भाषेतल्या फॉर्मवर आणि फुकट करून द्या ना, लेकरू कडेवर घेऊन डोंगर उतरून ऑफिसला चकरा कोण मारणार!

– एक वाचक