घराण्यात शुगर विचारतात, खुबा कोण विचारतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या आरोग्य पानावर शुगर, बीपी, हार्ट हे घराण्यात असेल तर काय काळजी घ्यायची ते सारखं येत असतं आणि चांगलंच असतं ते, पण हाडांचा विषय निघाला की गाडी कॅल्शियम आणि कोवळं ऊन इथपर्यंत येते आणि तिथंच बंद पडते. हाडं ठिसूळ होणंसुद्धा आईबापाकडून चालत येतं हे फारसं कुणी लिहीत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

दवाखान्यात फॉर्म भरताना घरात डायबिटीस आहे का, कुणाला अटॅक आलाय का हे हमखास विचारतात, पण आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का हा प्रश्न मला तरी अजून कुठल्या फॉर्मवर दिसलेला नाही. गंमत म्हणजे फ्रॅक्स नावाचं एक कॅल्क्युलेटर आहे, इंग्लंडच्या शेफील्ड युनिव्हर्सिटीत तयार झालेलं, 2008 पासून वापरात आहे, पुढच्या 10 वर्षांत फ्रॅक्चर व्हायची शक्यता किती ते सांगतं, त्यात सगळी मिळून 12 माहिती भरायची असते आणि त्यातली एक नेमकी हीच! आई किंवा वडील, दोघांपैकी कुणीही. वडिलांकडचं पण मोजतात बरं का, कारण हा बायकांचाच आजार असा एक समज घट्ट बसलाय आणि पन्नाशीनंतर पाच पुरुषांमागे एकाला ठिसूळ हाडांमुळे कुठलं ना कुठलं फ्रॅक्चर होतं हे कुणाच्या गावीही नसतं (बायकांत हे प्रमाण तिघींमागे एक असं आहे).

आता कुणी म्हणेल बोन डेन्सिटी (हाडांची घनता) काढली की झालं की, घराण्याचं कशाला उकरायचं. तर तसं नाही. डेन्सिटीचा आकडा धरूनसुद्धा आईबापाच्या खुब्याचा धोका वेगळा उरतोच, कारण खुब्याच्या हाडाचा आकार, त्याची लांबी, आतली वीण हेही वारशातच येतं आणि ते सगळं टी-स्कोअरमध्ये, म्हणजे डेन्सिटीच्या रिपोर्टवरच्या त्या एका आकड्यात, मावत नाही. जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासांत असं दिसलंय की माणसामाणसांत बोन डेन्सिटीचा जो फरक असतो त्यातला साधारण 50 ते 80 टक्के अनुवांशिक असतो. म्हणजे तुमच्या हाडांचं 80 टक्के भविष्य ठरून गेलं असा अर्थ कृपया काढू नका, हा फरकाचा हिशोब आहे, आणि वय वाढत जातं तसं तोल जाणं, नजर अधू होणं, झोपेच्या गोळ्या हीच कारणं पुढे येतात, रक्ताचा वाटा मागे पडतो.

मग जीन टेस्ट करून घ्यावी का, तर साध्या ऑस्टिओपोरोसिसला (हाडं ठिसूळ होण्याच्या आजाराला) तिचा उपयोग जवळपास नाहीच. एलआरपी-5 नावाचं एक जीन आहे, त्यात एक प्रकारचा बिघाड झाला की लहानपणीच हाडं ठिसूळ होतात आणि दृष्टीही जाते, आणि त्याच जीनमधे दुसऱ्या प्रकारचा बदल झाला तर हाडं उलट कमालीची दणकट होतात. पण अशी घराणी विरळा. बाकी आपल्यासारख्यांच्यात शेकडो जीन थोडाथोडा हात लावतात, 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात माणसाच्या जीनसंचात अशा पाचशेहून जास्त जागा सापडल्या. लहान मुलाची हाडं वारंवार मोडत असतील, डोळ्याचा पांढरा भाग निळसर दिसत असेल तर गोष्ट वेगळी, तिथं तज्ज्ञ गाठायलाच हवा.

आपली खरी अडचण ही की घरात घडलेलं फ्रॅक्चर आपण आजार म्हणून धरतच नाही. आमच्याच घरचं सांगतो. आजीला पोक होतं, ते वयाच्या खात्यात गेलं. आईचं मनगट मोडलं तर दोष ओल्या फरशीला. मावशी अर्धी बादली उचलायला वाकली आणि पाठीत कट्ट झालेलं तिचं तिला कळलं, तरी कितीतरी दिवस बामच चोळत बसली, शेवटी एक्सरे काढला तर मणका पाचरीसारखा दबलेला, आणि त्याच्या खालचा आणखी एक तसाच, तो कधी दबला हे तिलाही माहीत नाही! पूर्वी वरच्या फळीवरचा डबा सहज काढायची, आता हात पोचत नाही, उंची कमी झालीय हे तेव्हा कुठं डोक्यात आलं. आईच्या मनगटाचं ऑपरेशन डॉक्टरांनी फस्क्लास केलं, त्यात वादच नाही, पण डिस्चार्जच्या कागदावर टाके कधी काढायचे एवढंच, उभ्याउभ्या पडून हाड मोडलंच का आणि मुलांनी काय बघायचं यावर एक ओळ नाही. जगभर हीच रड आहे म्हणा, असं फ्रॅक्चर झालेल्यांतल्या बहुतेकांची पुढं तपासणीच होत नाही.

ज्यांच्या घरी हे आहे त्यांनी पासष्टीची वाट बघू नये, बायकांनी पाळी गेल्यावर (चाळिशीतच गेली असेल तर आधीच) आणि पुरुषांनीही पन्नाशीनंतर डॉक्टरला स्वतःहून सांगावं आणि डेक्सा स्कॅनचं (बोन डेन्सिटी मोजायच्या तपासणीचं) विचारावं. दम्याला किंवा संधिवाताला बरेच दिवस स्टेरॉईड चालू असेल तर नक्कीच. शिबिरात टाचेला मशीन लावून देतात त्या चिठ्ठीवर निदान होत नाही, फार तर पुढं तपासा एवढंच कळतं. आणि घरातल्या विशी-पंचविशीच्या पोरींना बारीक व्हायच्या नादात जेवण तोडू देऊ नका, हाडांची कमाई साधारण तिशीपर्यंतच होते, पुढं नुसता खर्च.

20 ऑक्टोबरला जागतिक ऑस्टिओपोरोसिस दिन असतो. त्या दिवशी यंदा दुधाच्या ग्लासाचा फोटो नको, त्या जागी एक चौकट छापा, कापून ठेवता येईल अशी: आई, वडील, दोन्हीकडचे आजी-आजोबा, कुणाचं कुठलं हाड, कितव्या वर्षी, कसं मोडलं, उंची किती घटली. म्हातारी माणसं घरात आहेत तोवरच ती भरून होईल.

आपला,
एक नियमित वाचक