मान दुखत नसतानाही मानेकडं बघणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

बाबांच्या मानेच्या ऑपरेशनच्या धावपळीत तुमचे आभार मानायचे राहून गेले. चारचौघांत मानले तर आणखी कुणाच्या घरी उपयोग होईल, म्हणून हे उघड पत्र.

बाबा गुजरीतले सोनार. उभी हयात साज घडवण्यात गेली. गेल्या वर्षी चिमट्यातनं बारीक कडी निसटायला लागली, मग शर्टाची बटणं लागेनात. "हात ऐकंनात बघ," एवढंच म्हणायचे. महाद्वार रोडवर एकदा एका पायातली चप्पल मागं राहिली आणि ते तसेच पुढं चालत गेले, पत्ताच नाही. एका दवाखान्यात 'वय झालं' म्हणाले, दुसऱ्या ठिकाणी गुडघ्याचा एक्स-रे काढला. मान दुखतच नव्हती, मग मानेचा विषय निघणार कसा?

तुमच्याकडं, फिजिओथेरपीला, आम्ही खांद्याच्या व्यायामासाठी आलो होतो. तुम्ही आधी त्यांना चालायला लावलंत. मग 10 सेकंदांत मूठ किती वेळा उघडता-मिटता येते ते मोजलंत. 20 वेळा तरी व्हायला हवी, बाबा निम्म्यातच अडखळले. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारलीत, तर अंगठा आपोआप आत वळला. तळपायावरून किल्ली ओढलीत, तर पायाचा अंगठा खाली वळायच्या ऐवजी वर गेला. "ट्रॅक्शन लावून मान ताणायची नाही, मालिश नाही. आधी मानेचा एमआरआय. हे दुखत नाही, म्हणूनच उशीर होतो," असं तुम्ही बजावलंत.

फिल्म आणल्यावर ती उजेडात धरून बाबांना समजेल असं सांगितलंत. मेंदूचे निरोप हातापायांना पोचवणारा मज्जारज्जू मणक्यांच्या नळीत पाण्यात तरंगत असतो, पाणी फिल्मवर पांढरं दिसतं. मानेतली ही नळी एरवी पुढून मागं साधारण 17 मिलिमीटर. 13 च्या खाली गेली की अरुंद धरतात. वयानं गादी झिजून मागं सरकते, हाडाला टोकं फुटतात, मागचा पडदा जाडावतो. आधी पाण्याची जागा जाते, मग खुद्द मज्जारज्जू चेपतो. बाबांच्या पाचव्या-सहाव्या मणक्याशी ती पांढरी रेघ दोन्ही बाजूंनी पुसली गेली होती. बाबांनी तिथं बोट ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही.

ऑपरेशन मुख्यतः पुढचं नुकसान थांबवायला असतं, गेलेलं सगळं परत येईलच असं नाही, हेही तुम्ही आधीच स्पष्ट सांगितलंत. त्या खरेपणाचे आभार वेगळे. खोटी आशा घेऊन आम्ही ऑपरेशनला गेलो नाही.

आता बटणं लागतात, चाल सुधारली आहे. बारीक काम जमत नाही. दुकानात बसून कारागिरांचं काम तपासतात आणि घड्याळ लावून मुठी मोजतात. पुढच्या आठवड्यात त्यांना घेऊन येते. स्कूटर चालवू का, हे त्यांना तुमच्याच तोंडून ऐकायचं आहे. आमचं कुणाचं ऐकत नाहीत.

तुमची,
गुजरीतल्या सोनाराची लेक
कोल्हापूर